एका रेझिन किटची पारख: ‘रॉदरहॅम’ बांधायचं की ‘राजपूत’?

पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाड्यातलं एक कुटुंब. वडील नौदलातून निवृत्त झालेले; साठच्या दशकात ते ‘आयएनएस राजपूत’वर तोफेवर होते. दिवाळीनंतर त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं घरात ठरलं. शाल-श्रीफळ सगळेच देतील, आपण बाबांना त्यांचं जहाज द्यावं, असं थोरल्या मुलीच्या मनात आलं. त्यांनी बरीच शोधाशोध केली आणि परदेशातल्या एका छोट्या उत्पादकाचं रेझिन किट, म्हणजे ओतीव प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जुळवायचं मॉडेल, मागवलं. खेळण्यांच्या वर्गात धरून त्यावर कस्टम ड्युटी लागली. 2020च्या अर्थसंकल्पात ही ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेली, तेव्हापासून बाहेरून किट मागवायचं म्हणजे किमतीवर निम्म्याहून जास्त रक्कम बाजूला काढूनच ठेवावी लागते. जून सुरू होता होता खोका घरी आला. आत पिवळसर रंगाचं एक सांगाडं (जहाजाचं मुख्य अंग, ‘हल’), बारीक भागांची पिशवी, पितळी पत्र्याचं एक पान आणि दोन पानी पत्रक. आणि खोक्यावर ‘राजपूत’ हे नाव कुठेच नाही. तिथे छापलं होतं, ‘एचएमएस रॉदरहॅम, 1942’.

मी ऐरोलीत राहतो आणि जहाजांची छोटी मॉडेल्स बांधतो. ओळखीतून तो खोका माझ्या टेबलावर आला. त्या थोरल्या मुलीचं, म्हणजे ताईंचं, म्हणणं अगदी सरळ होतं. “दादा, हे किट चांगलं आहे का, एवढंच सांगा. नसेल तर परत पाठवून देते.”

कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत. जहाजाबद्दलचं जे आहे ते मात्र जसंच्या तसं.

जहाज बरोबर होतं, यात शंका नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने तातडीने विनाशिका बांधायला घेतल्या, त्यातल्या चौथ्या इमर्जन्सी फ्लोटिलाचं (ताफ्याचं) म्हणजे ‘आर’ वर्गाचं रॉदरहॅम हे नेतृत्व करणारं जहाज. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधलेलं, मार्च 1942 मध्ये पाण्यात सोडलेलं. लांबी 109 मीटरच्या थोडी वर, वेग 36 नॉट. 4.7 इंची चार तोफा, दोन पुढे आणि दोन मागे. टॉर्पेडोच्या आठ नळ्या, चार-चारच्या दोन जोडण्यांत. युद्धाचा मोठा काळ हे जहाज हिंदी महासागरात ईस्टर्न फ्लीटबरोबर होतं. 1949 मध्ये रॉदरहॅम, रिडाउट आणि रेडर ही तीन भावंडं भारताने घेतली आणि त्यांची राजपूत, रणजीत आणि राणा झाली. 1971 च्या डिसेंबरात, 3 आणि 4 तारखेच्या मधल्या रात्री, लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली राजपूत विशाखापट्टणमच्या बंदरातून बाहेर पडली आणि तिने डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी त्याच रात्री त्याच पाण्यात बुडाली. भारतीय नौदल त्याचं श्रेय राजपूतला देतं, पाकिस्तानला ते मान्य नाही. काका (ताईंचे वडील) तेव्हा दुसऱ्या जहाजावर होते, पण राजपूतचा विषय निघाला की त्यांचा आवाज आजही चढतो, असं ताई सांगत होत्या.

प्रश्न नेमका काय होता

किट चांगलं की वाईट, हे नुसतं खोका बघून सांगता येत नाही. मॉडेल जहाजाचं नसतं, एका ठरावीक तारखेच्या जहाजाचं असतं. हे जहाज 1942 पासून 1976 पर्यंत सेवेत होतं. एवढ्या काळात रंग बदलतो, झेंडा बदलतो, नंबर बदलतो, मास्टवर (डोलकाठीवर) रडार चढतं आणि उतरतं. उत्पादकाने 1942 ची रॉदरहॅम दिली होती. काकांची राजपूत त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी येते.

म्हणून ताईंच्या एका प्रश्नाचे मी तीन केले. सांगाडं मापात आणि सरळ आहे का? यातलं काय फक्त 1942चं आहे, आणि ते बदलता येईल का? आणि हे सगळं दिवाळीच्या आत होईल का?

दुसरी अडचण फोटोंची. ताईंच्या भाच्याने मोबाइलवर राजपूतचे भरपूर फोटो जमवून ठेवले होते, पण बहुतेक दुसऱ्याच जहाजाचे. हेच नाव पुढे सोव्हिएत बनावटीच्या, क्षेपणास्त्रं असलेल्या जहाजाला मिळालं. ती राजपूत, डी51, मे 1980 मध्ये दाखल झाली आणि मे 2021 मध्ये निवृत्त झाली. जुन्या राजपूतचा नंबर डी141. दोन्हींत नावापलीकडे काहीही सारखं नाही. मग आर वर्गाची बाकीची जहाजं बघावीत, तर तिथेही फसगत होते. रॅपिड, रिलेंटलेस, रॉकेट आणि रोबक या चौघींना ब्रिटिशांनी नंतर टाइप 15 फ्रिगेट करून टाकलं. वरचं सगळं तोडून नवं बांधलं. त्यांचे पन्नाशीतले फोटो राजपूतच्या कामाला येत नाहीत. उरले घरातले तीन कृष्णधवल फोटो. एकात सहा तरुण खलाशी तोफेपाशी उभे, एक धक्क्यावरून काढलेला, त्यात जहाजाचा पुढचा अर्धा भाग आणि नंबर दिसतो. तिसऱ्यात माणसंच जास्त.

किट तपासताना

मी आधी सांगाडं मोजतो. बारीक नक्षी कितीही सुंदर असली तरी सांगाडं चुकलेलं असेल तर पुढचं सगळं वाया. किट 1/700 मापाचं, म्हणजे खऱ्या जहाजाच्या सातशेव्या भागाचं. 109.2 मीटरला 700 ने भागलं की 156 मिलीमीटर येतात, रुंदीचे साधारण साडेपंधरा. व्हर्नियरवर (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरवर) लांबी 155.2 भरली. रुंदी बरोबर. रेझिन साच्यात घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे अर्धा टक्का कमी येणं मी दोष धरत नाही. खऱ्या जहाजावर तो फरक सुमारे 56 सेंटिमीटरचा होतो, पण तो डोळ्याला कुठेच खुपत नाही. दोन टक्के कमी असतं, तर मी तिथेच खोका मिटून परत दिला असता. कारण मग तोफा, नळ्या, बोटी डेकवर दाटीवाटीने बसतात आणि जहाज आखूड दिसतं.

मग काच. सांगाडं सपाट काचेवर ठेवून कडेने कागदाची पट्टी सरकवत न्यायची. मध्ये पट्टी अडली, नाळेखालून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखालून, मात्र सहज आत गेली. टोक मिलीमीटरभर वर उचललेलं होतं. जहाजाच्या हिशेबात 70 सेंटिमीटर. हा दोष दुरुस्त होतो, पण कसा होतो ते माहीत असावं लागतं. पॉलियुरेथेन रेझिन कढत पाण्यात मऊ पडतं. उकळतं नको, हाताला सोसणार नाही इतपत पुरे. मग काचेवर दाबून धरून गार पाण्यात घालायचं. घाई केली तर नाळेजवळची पातळ कड लाटेसारखी वाकते आणि ती पुन्हा सरळ होत नाही.

तळाला ओतकामाची पातळ चकती राहिलेली होती. पाण्याच्या रेषेपर्यंतच ती घासायची. इथे फार जण फसतात. चकती गेली तरी हात थांबत नाही, आणि मिलीमीटरभर जास्त गेलं की जहाज 70 सेंटिमीटर बुडतं. मी सांगाड्याभोवती आधी पेन्सिलीने रेषा ओढून घेतो आणि ओल्या पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यात घासतो. ओलं घासण्याचं दुसरं कारण धूळ. रेझिनची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. मास्क हवाच, आणि घरात लहान मुलं असतील तर हे काम बाल्कनीत.

पृष्ठभागावर डाव्या बाजूच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी बुडबुड्यांची छिद्रं होती. फार नाहीत. सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून भरली की जातात, फक्त कडक व्हायच्या आत घासावं लागतं. ब्रिजभोवतीचे पत्रे मात्र जाड होते, 0.4 मिलीमीटर. म्हणजे 28 सेंटिमीटर जाडीचा पत्रा! विनाशिकेचं अंग पातळ पोलादाचं असतं, तिथे असली भिंत शोभत नाही. हे आतून कानशीने तासून निम्मं करता येतं.

चांगलं काय होतं तेही सांगतो. फनेल (धुराडं) सुबक होतं, टॉर्पेडोच्या नळ्या एकमेकींपासून सुट्या दिसत होत्या, मागच्या टोकाला डेप्थ चार्जचे रॅक पितळी पत्र्यातून घडवायला दिले होते, आणि नाळेची बाहेर उमलणारी वळणदार रेषा इतकी अचूक की ती बघूनच हे किट ठेवावं असं मला वाटलं. साचा करणाऱ्याने खरा आराखडा समोर ठेवून काम केलं होतं.

मग मी तोफा बाहेर काढल्या, आणि या किटचा सगळ्यात मोठा दोष तिथे सापडला. 4.7 इंची तोफेचं शील्ड मागून उघडं असतं. समोर आणि बाजूंना पत्रा, पाठ मोकळी, आणि तोफेवरची मंडळी त्या मोकळ्या जागेत उभी राहून काम करतात. किटमधल्या चारही तोफा मागून भरीव होत्या. समोरून बघितलं तर काही कळत नाही. मागून बघितलं की नुसता ठोकळा. नळ्याही वाकड्या.

एरवी 1/700 च्या किटमध्ये मी याचा फार बाऊ करत नाही. शील्डची उंची जेमतेम तीन मिलीमीटर. कपाटातल्या जहाजाच्या तोफेची पाठ कोण बघतं? पण हे मॉडेल अशा माणसासाठी होतं, जो त्या मोकळ्या पाठीत उभा राहिला होता. सांगाड्याची लांबी त्याच्यासाठी गौण होती.

पर्याय

किट परत पाठवणं हा पहिला. टपालखर्च अंगावर, ड्युटी परत मिळण्याची खटपट वेगळी, आणि हातात काहीच नाही. मी याच्या बाजूने नव्हतो.

दुसरा, सरळ खोक्यातलं 1942चं रॉदरहॅम बांधायचं. काम सगळ्यात कमी आणि अचूकतेला सगळ्यात सुरक्षित, कारण रंग, झेंडा, नंबर सगळं किटमध्ये तयार. शेजारी पाटी लावायची की हेच पुढे राजपूत झालं. ताईंच्या यजमानांना हे पटलं होतं. ताईंना नाही. “बाबांना इंग्रजांचं जहाज कसं देऊ?” असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं खरंच होतं.

तिसरा, याच किटची साठच्या दशकातली राजपूत करायची. सांगाडं, फनेल, तोफांच्या जागा त्याच. रंग, नंबर, झेंडा आणि मास्ट नवे. धोका एकच, की फोटोंत न दिसणाऱ्या जागी काय करायचं हा प्रश्न उभा राहतो.

चौथा पर्याय भाच्याने सुचवला. वागळे इस्टेटमध्ये थ्रीडी प्रिंटिंग करून देणारे आहेत, तर 1/350 मध्ये मोठं जहाजच प्रिंट करून घ्यावं. 31 सेंटिमीटरचं. कल्पना मलाही आवडली. पण प्रिंटर आराखड्याची फाइल मागतो. ती शून्यापासून काढायला आराखडा वाचता येणारा माणूस आणि कित्येक महिने लागतात. दिवाळी गाठणं शक्य नव्हतं.

आम्ही तिसरा निवडला.

अडखळलो ती ठिकाणं

सगळ्यात अवघड निर्णय जहाजाबद्दलचा नव्हताच. हे सगळं काकांपासून लपवून चाललं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी एकदम समोर ठेवायचं, अशी ताईंची फार इच्छा. पण ज्याच्यासाठी मॉडेल, तोच त्या जहाजाचा आमच्याजवळचा एकमेव जाणकार. त्यांना न विचारता बांधलं तर ते सुंदर झालं असतं, पण कदाचित त्यांचं झालं नसतं. मी ताईंना म्हटलं, एक संध्याकाळ मला तुमच्या घरी येऊ द्या, मॉडेलचं नाव काढणार नाही, जुने फोटो बघायला आलोय असं सांगा. त्या दोन दिवसांनी हो म्हणाल्या.

काका बोलायला लागले आणि मला फक्त लिहून घ्यायचं काम उरलं. मी विचारलं, कुठल्या तोफेवर होतात? “एक्स गन. मागची, वरची,” ते म्हणाले. पुढच्या दोन तोफा ए आणि बी, मागच्या एक्स आणि वाय. “शील्ड पुढनं. पाठीला काय? पाठीला आकाश. पावसाळ्यात पाणी थेट मानेवर. आणि गोळा तर हातानेच उचलायचा, पन्नास पौंडी.” म्हणजे जवळजवळ 23 किलो, डोलणाऱ्या डेकवर. रंगाबद्दल म्हणाले, “ग्रे. सगळीकडे ग्रे. बंदराला लागलं की खरवडा आणि रंगवा, खरवडा आणि रंगवा. पट्टेबिट्टे काही नव्हते.” किटच्या पत्रकातलं निळं-राखाडी तुकड्यातुकड्यांचं युद्धकाळातलं कॅमोफ्लाज त्या एका वाक्याने बाद झालं. डेक गडद राखाडी, हेही त्यांनीच सांगितलं.

झेंड्यावरून घरात थोडा वाद झाला. किटमध्ये ब्रिटिश व्हाइट एन्साइन होता, तो चालणार नव्हता हे उघड. भाच्याचं म्हणणं, नौदलाचा नवा ध्वज लावू, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेला. त्याच्या डोळ्यांतला आनंद मला दिसत होता आणि नाही म्हणणं जड गेलं. पण तो ध्वज 2 सप्टेंबर 2022 ला, कोचीत नव्या विक्रांतच्या वेळी आला. तोवर जुनी राजपूत भंगारात जाऊन कित्येक दशकं लोटली होती. साठच्या दशकात ध्वजावर लाल क्रॉस होता आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. 26 जानेवारी 1950 पासून तोच होता. काकांनी रोज सकाळी ज्याला सलाम केला, तोच लावायला हवा, हे सांगितल्यावर भाचा स्वतःच म्हणाला की मग प्रिंटआउट मी काढतो.

तिसरी जागा म्हणजे फनेलच्या मागचा भाग. युद्धकाळात तिथे चार नळ्यांची पॉमपॉम तोफ आणि आसपास 20 मिलीमीटरच्या ऑर्लिकॉन होत्या, दोन्ही विमानविरोधी. घरच्या फोटोंत हा भाग येत नव्हता, काकांचा सगळा जीव मागच्या तोफेत, मधल्या हलक्या तोफांबद्दल ते मोघम बोलत होते. अंदाजाने काहीतरी बसवण्यापेक्षा किटची मांडणी ठेवायची आणि मॉडेलच्या तळाला एक चिठ्ठी लावायची असं मी ठरवलं. काय फोटोवरून, काय काकांच्या सांगण्यावरून आणि काय किटप्रमाणे, ते त्यात लिहायचं. उद्या कोणी अभ्यासूने हे मॉडेल बघितलं तर त्याची दिशाभूल होता कामा नये.

प्रत्यक्ष काम

सगळे भाग आधी भांडी घासायच्या लिक्विडने, जुन्या ब्रशने धुतले. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग सोलून निघतो. नाळ कढत पाण्यात सरळ केली आणि लगेच सांगाडं खालून दोन स्क्रूंनी सागाच्या पट्टीवर आवळलं. रेझिन पुन्हा हळूहळू वाकू शकतं, विशेषतः उन्हाळ्यात, म्हणून हा आधार कायमचा ठेवला.

तोफांचं काम मी मन लावून केलं. शील्डच्या मागच्या भरीव भागात 0.3 मिलीमीटरच्या ड्रिलने, पिन वाइस (ड्रिल धरायची छोटी मूठ) बोटांत फिरवत, शेजारी शेजारी भोकं पाडली. मग भोकांमधल्या भिंती सुईच्या टोकाएवढ्या छिन्नीने खरवडल्या. जोर लावला की पुढचा पत्रा फुटतो, म्हणून दर दोन-तीन वळणांनंतर भिंग लावून उजेडासमोर धरायचं. रेझिन पातळ होत गेलं की त्यातून पिवळसर उजेड दिसायला लागतो, आणि तिथे थांबायचं. चारही पोकळ झाल्यावर आत पितळी तारेचा ब्रीच (तोफेचा गोळा भरायचा मागचा भाग) बसवला. वाकड्या नळ्या टाकून दिल्या. त्यांच्या जागी 30 गेजची इन्सुलिनची सुई घेतली, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. तिचं आतलं छिद्र 0.16 मिलीमीटर, आणि 4.7 इंचाला 700 ने भागलं तर येतात 0.17. इतकी चपखल नळी विकतच्या सुट्या भागांतही सहसा मिळत नाही. कापताना चष्मा लावायचा, तुकडे उडतात.

ऐरोलीला खाडी जवळ, त्यात जुलै-ऑगस्ट. दमट हवेत सुपरग्लू लवकर धरतो आणि सांध्याभोवती पांढुरकं धुकं सोडतो. रेलिंगसारख्या उघड्या पितळी कामावर ते फार वाईट दिसतं. म्हणून रेलिंगला सावकाश धरणारा ग्लू वापरला, सुईच्या टोकाने थेंबभरच, आणि रंगकाम पाऊस उघडेपर्यंत मागे ठेवलं. रेलिंग सगळीकडे लावायचं का हाही एक प्रश्न होता. 0.1 मिलीमीटरचा पितळी खांब म्हणजे जहाजावर सात सेंटिमीटरचा सोटा. खऱ्यापेक्षा जाड. तरीही लावलं. बिनरेलिंगची विनाशिका मला उघडी वाटते, आणि काकांच्या फोटोत तर मुलं त्याच रेलिंगला टेकून उभी होती.

मास्ट धक्क्यावरच्या फोटोवरून पितळी तारेने नवा बांधला. ग्रे रंगात थोडा पांढरा मिसळून तो फिका केला, कारण खऱ्या जहाजाचा रंग जशाच्या तसा पंधरा सेंटिमीटरच्या मॉडेलला दिला तर ते काळपट दिसतं. डी141 हा नंबर आणि झेंडा घरच्या इंकजेटवर पांढऱ्या डेकल कागदावर (ओला करून चिकटवायच्या) छापले. इंकजेटला पांढरी शाई नसते, साध्या पारदर्शक कागदावर क्रॉसमागचं पांढरं उमटलंच नसतं. झेंडा चार मिलीमीटरचा. त्यातला तिरंगा भिंगातूनच ओळखू येतो.

निष्पत्ती

मॉडेल कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी नौपाड्यात पोचलं. कार्यक्रमात ओवाळणी झाल्यावर ताईंनी काचेची पेटी समोर ठेवली. काकांनी आधी नंबर वाचला, मोठ्याने. मग भिंग मागितलं. पेटी गोल फिरवून मागची बाजू पुढे घेतली आणि एक्स गनच्या पाठीत बराच वेळ बघत राहिले. “उघडी ठेवलीय,” ते म्हणाले. नंतर नातवंडांना जवळ बोलावून कोण कुठे उभा राहायचा ते बोटाने दाखवायला लागले आणि मध्येच माझ्याकडे वळून विचारलं, “सगळं आहे, पण माणसं कुठायत?”

प्रश्न रास्त होता. 1/700 ला माणूस अडीच मिलीमीटरचाही नसतो, पण पितळी पत्र्यात कोरलेले खलाशी मिळतात. पुढे ती पेटी एकदा परत आणून एक्स गनपाशी सहा जण उभे केले. फोटोत होते तितकेच.

किटबद्दल आता माझं मत ठाम आहे. 1942चं रॉदरहॅम म्हणून हे किट चांगलं आहे; सांगाड्यासाठी आणि नाळेच्या रेषेसाठी मी ते पुन्हा घेईन. तोफांसाठी घेणार नाही. पहिलंच रेझिन किट म्हणून कोणाला मी हे सुचवणार नाही, कारण सरळ करणं, घासणं आणि पोकळ करणं ही तिन्ही कामं हात बसल्यावरच जमतात. आणि राजपूत म्हणून बांधायचं तर खोक्याच्या किमतीइतकंच मोल स्वतःच्या वेळेचं धरावं.

वेगळं काय करता येईल

पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडे दोन फोटो मागावेत: सांगाडं सपाट काचेवर, शेजारी फूटपट्टी; आणि तोफा मागून. चांगला छोटा उत्पादक ते आनंदाने पाठवतो. या प्रकरणात तेवढ्याने वाकलेली नाळ आणि भरीव शील्ड दोन्ही आधीच कळले असते आणि विक्रेत्याकडून बदली भाग मागता आले असते.

जाणकार घरात असेल तर त्याच्याशी बोलणं आधी, किट मागवणं नंतर. इथे काकांची ती संध्याकाळ काम निम्म्यावर आल्यावर मिळाली; हलक्या तोफांबद्दल त्यांच्या एखाद्या जुन्या सोबत्याला विचारायला मग वेळ उरला नाही. सरप्राइजची हौस मी समजू शकतो. पण जहाज कुठल्या वर्षीचं करायचं हे ठरवायला तरी त्यांना आधी बोलतं करायला हवं.

आणि स्केल. 1/700 हे कपाटात मावणारं, गोळा करणाऱ्यांना सोयीचं माप आहे. ऐंशी ओलांडलेल्या डोळ्यांसाठी ते बारीक पडतं. काकांना प्रत्येक वेळी भिंग घ्यावं लागतं. अशी भेट कोणी ठरवत असेल तर आधी 1/350 ची चौकशी करावी. ते नाहीच मिळालं, तर 1/700 च्या जहाजाशेजारी त्यांची एकच तोफ मोठ्या मापात प्रिंट करून घ्यावी. एका तोफेची फाइल काढायला पूर्ण जहाजाइतका वेळ लागत नाही, आणि 1/72 ला तिची नळी साडेसात सेंटिमीटर भरते.